गाडीचं नाक आणि कलम सात

वाटणी कशी करावी ते माझ्याकडून शिका, असं थोरला चारचौघांत छाती ठोकून सांगायचा. आणि का नाही सांगणार! कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं त्याने नट मोजून दिले होते आणि बोल्ट मोजून घेतले होते. एक वायसर कधी त्याच्या हातून जास्तीचा गेला नाही. आई गेली, अप्पांनी भाड्याचं घर सोडलं, तेव्हा दोघा भावांत त्याने चमच्यांपासून खुर्च्यांपर्यंत सगळं असं वाटलं की भांडायला जागाच उरली नाही. सहा खुर्च्या, तीन-तीन. शिलाईचं मशीन एकच होतं, म्हणून मशीन धाकट्याला आणि त्याचं टेबल थोरल्याला! आता त्यावर कुणालाच काही शिवता येत नव्हतं, पण वाटणी चोख झाली.

शेवटी दोन गोष्टी उरल्या, ज्या कापता येईनात. एक गाडी आणि दुसरे अप्पा.

थोरल्याने एक अख्खी सुट्टी खर्ची घालून नऊ कलमांचा कागद तयार केला. कलम एक : गाडी आणि अप्पा आठवडाभर एकाकडे, आठवडाभर दुसऱ्याकडे, अदलाबदल रविवारी सकाळी दहाला. अप्पांना गाडीतूनच पोचवायचं, म्हणजे दोन्ही कामं एका फेरीत! कलम चार : वेळेवरून वाद नकोत, म्हणून गाडीतल्या घड्याळातली वेळ दोघांनी प्रमाण मानायची. आणि कलम सात, ज्याचा थोरल्याला सगळ्यात जास्त अभिमान होता : सामाईक वस्तूत बिघाड झाल्यास, तो ज्याच्या आठवड्यात झाला त्याने निस्तरावा. खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार हवा होता, पण घरातल्या गोष्टीत बाहेरचा माणूस कशाला? साक्षीदार म्हणून अप्पांनीच सही केली.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी, थोरल्याच्या आठवड्यात, गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि विझायचं नाव घेईना.

मिस्त्रीने आपलं यंत्र गाडीला जोडून पाहिलं आणि मान हलवली. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, साहेब."

"गेलाय? कुठे गेलाय?"

"कुठे जातोय! आहे तिथेच मेलाय. इंजिनातला धूर ज्या पाइपातून बाहेर पडतो ना, त्या पाइपात तो बसवलेला असतो. गाडीचं नाक म्हणा. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगतो आणि त्यावरून गाडी ठरवते, पेट्रोल किती घ्यायचं. नाक बंद पडलं की गाडी अंदाजाने ढोसत सुटते. जुना झाला होता, त्याचं आयुष्य संपलं. नवा टाकू? अर्ध्या तासाचं काम."

नव्याची किंमत थोरल्याने दोनदा विचारली. "पैशाचा प्रश्न नाही," तो म्हणाला, "प्रश्न तत्त्वाचा आहे." असं म्हणणाऱ्या माणसाचा प्रश्न नेहमी पैशाचाच असतो, हे मिस्त्रीला चांगलं ठाऊक होतं. तो हात पुसत उभा राहिला.

"हा दिवा नुसता घालवता येतो का?"

"बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली की जातो. पण रोग जात नाही हं! दोन-तीन दिवसांत गाडीला परत कळतं, मग..."

थोरल्याने 'जातो' एवढंच ऐकलं आणि तो निघाला.

रविवारी सकाळी त्याने गुपचूप बॅटरीची वायर काढली, पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या पेपर वाचला, वायर परत लावली. दिवा गायब! वायर काढल्यामुळे गाडीतलं घड्याळ बारावर जाऊन बसलं होतं, तेही त्याने आठवणीने नीट लावलं. चोख माणूस तो! मग मागच्या सीटवर अप्पांना बसवलं, त्यांच्या मांडीवर त्यांची पिशवी ठेवली आणि दोन्ही वस्तू धाकट्याच्या फाटकात वेळेवर पोचत्या केल्या.

अप्पांची जागा ठरलेली होती, मागे, डाव्या खिडकीशी. तिथला पायाखालचा पत्रा गंजून तळहाताएवढं भोक पडलं होतं. कलम सातच्या कृपेने ते भोकही कोणाच्याच आठवड्यात पडलं नव्हतं. त्यावर एक पायपुसणं टाकलं होतं आणि त्या पायपुसण्यावर अप्पा पाय ठेवून बसायचे.

अप्पांनी एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. चिमणीतला धूर बघून ते आतल्या आगीची तब्येत सांगायचे. त्या रविवारी उतरताना त्यांनी गाडीच्या मागे जाऊन पाहिलं. "धूर काळपट येतोय रे. जळण जास्त पडतंय, हवा कमी पडतेय."

"अप्पा, ही गाडी आहे, बॉयलर नाही!" थोरला म्हणाला.

"आग ती आगच," अप्पा म्हणाले आणि पिशवी घेऊन आत गेले.

पुढच्या रविवारी धाकटा गाडी घेऊन आला. दिवा विझलेला! थोरल्याला हसू आवरेना. भरले की नाही नव्या सेन्सरचे पैसे गुपचूप! त्याने धाकट्याला चहाच काय, चहाबरोबर दोन बिस्किटंही दिली. मंगळवारी दिवा लागला.

नवीन सेन्सर इतक्यात कसा गेला? थोरल्याला काही उलगडेना. पण उलगडा करत बसण्यापेक्षा वायर काढणं सोपं होतं. रविवारी त्याने पुन्हा वायर काढली. पुन्हा धाकट्याकडून गाडी आली, दिवा विझलेला. पुन्हा मंगळवार, पुन्हा दिवा. असे दोन महिने गेले. गाडी पेट्रोल असं प्यायला लागली की पंपावरचा माणूस थोरल्याला ओळखून हात करायला लागला.

मग एका रविवारी धाकटा गाडी देऊन गेला, आणि थोरल्याने सहज घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून अडतीस मिनिटं. सकाळी दहाला!

थोरल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वायर! तोही वायर काढतो!

"सख्ख्या भावाला फसवतो!" तो घरात येऊन गरजला. "दोन महिने! दर खेपेला! लाज नाही वाटत?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, पण तुम्हीही तेच करता ना?"

"मी करतो ती खबरदारी. तो करतो ती लबाडी!"

बायकोने पुढची घडी घातली. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माणूस कुठे बोलायचं आणि कुठे घडी घालायची हे शिकतो.

आता पंचाईत अशी की, धाकट्याला जाब विचारावा तर आपलंही पितळ उघडं पडणार. म्हणून थोरल्याने ठरवलं, सेन्सर आपणच साफ करायचा! मोबाइलवर कुणीतरी साफ करताना दाखवलं होतं आणि त्यात काही विशेष कठीण दिसत नव्हतं. पाइप कोमट असतानाच सेन्सर सैल होतो, हे त्या माणसाने सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण व्हिडिओची सुरुवात थोरल्याने न बघताच पुढे सरकवली होती.

शनिवारी दुपारी, पाइप थंडगार झाल्याची खात्री करून, जुनी चादर अंथरून तो गाडीखाली शिरला. सेन्सर दिसला. आणि काय दिसलं तर त्याच्या नटाच्या कडा कुणीतरी पकडीने आधीच खाऊन टाकलेल्या! ओरखडे ताजे, चकचकीत. म्हणजे धाकट्याचीही झटापट होऊन गेली होती! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, थोरल्याने तर आडवं पडून बघितलं.

"त्याला नाही जमलं, मला जमेल," तो गाडीखालून म्हणाला. पान्याच्या दांड्याला त्याने हातभर लांब नळी अडकवली आणि भावावरचा सगळा राग त्या नळीवर काढला. कट्ट! नट फिरला. फिरला तो फिरतच राहिला. सेन्सर हातात आला आणि त्याच्याबरोबर पाइपाच्या आट्यांचा चुराही तोंडावर पडला.

थोरल्याने सेन्सर तारेच्या ब्रशने खसाखसा घासला, रॉकेलमध्ये बुडवला, फडक्याने पुसला. आधी मेलेला होता, आता त्याची नीट आंघोळ झाली. परत बसवायला गेला तर तो भोकात दुधाच्या दातासारखा हलायला लागला. आटेच उरले नव्हते! पण थोरला हार मानतो काय! बाथरूमच्या फटी बुजवायची सिलिकॉनची ट्यूब घरात होती. चारी बाजूंनी त्याने पांढरी पेस्ट थापली, बोटाने गुळगुळीत केली आणि बाहेर आला.

"झालं," तो बायकोला म्हणाला. "आता बघ."

दुसऱ्या दिवशी बॅटरीची वायर, घड्याळ, अप्पा, पिशवी, सगळं यथासांग झालं. सिग्नलवर गाडी फटफट वाजत होती. थोरल्याचं डोकं दुखायला लागलं. पण रविवारी त्याचं डोकं दुखायचंच, धाकट्याचं तोंड बघायचं म्हटल्यावर! त्याने आपल्या बाजूची काच खाली केली. मागून अप्पा म्हणाले, "गाडीत धूर येतोय रे."

"बाहेरचा आहे, अप्पा. ट्रक आहे पुढे."

"हा पायांतून येतोय."

"पाय वर घ्या मग!"

धाकट्याच्या घरी अप्पा दुपारपर्यंत डोकं धरून बसले. धाकट्याने ते पाहिलं आणि मनाशी म्हणाला, आजारी पाडूनच पाठवलंय वाटतं माझ्याकडे! पण बोलला नाही. बोललं असतं तर डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं, आणि आठवडा त्याचा होता. गाडीखाली वाकून त्याने ती पांढरी पेस्ट पाहिली, अर्धी वितळून काळी झालेली. एक पत्र्याचा डबा कापून त्याने पाइपाभोवती गुंडाळला, वरून तार आवळली. पुढच्या रविवारी त्याने अप्पांना थोरल्याकडे आणून सोडलं, तेव्हा अप्पा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

"काय होतंय?" थोरल्याने विचारलं.

"गरगरतंय. धूर येतोय गाडीत. त्यालाही सांगितलं."

"वय झालं की गरगरतं," थोरला घाईघाईने म्हणाला. "पडून राहा, बरं वाटेल." आणि खरंच, सोमवारी अप्पांना बरं वाटलं. थोरल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. आठवडा निभावला पाहिजे, बस्स! आता हे मला सांगतानाही कडू लागतं, पण गाडीच्या दिव्याचं जे चाललं होतं तेच अप्पांच्या डोकेदुखीचं चाललं होतं. रविवारपर्यंत दाबून ठेवायची आणि पुढे सरकवायची.

तिसऱ्या रविवारी हवा गार होती. थोरल्याने नेहमीप्रमाणे वायर काढली, लावली. अप्पांना जिना उतरायला फार वेळ लागला, त्या गडबडीत घड्याळ लावायचं राहून गेलं. अप्पांनी काच खाली करायला हात घातला तर मागची काच अडकलेली, तीही कुणाच्या आठवड्यात अडकली होती देव जाणे! अर्ध्या वाटेत अप्पा बोलायचे थांबले. थोरल्याला वाटलं, डुलकी लागली. स्वतःचं डोकं ठणकत होतं, त्याने आपली काच आणखी खाली केली.

धाकट्याच्या फाटकाशी गाडी थांबली. धाकटा आणि त्याची बायको बाहेर आले. थोरल्याने मागचं दार उघडलं आणि अप्पा बाजूला कलले. त्यांना धरून बाहेर काढलं तर पाय जमिनीवर ठरेनात. फुटपाथवर बसवलं तशी त्यांना उलटी झाली. चेहरा पांढराफटक.

"काय केलंस अप्पांना?" धाकटा ओरडला.

"मी काय केलं? आत्ता, इथे झालं हे! तुझ्या दारात! दहा वाजून गेलेत!" थोरल्याने मनगट पुढे केलं. घड्याळात दहा वाजून चार मिनिटं.

"तुझं घड्याळ आठ मिनिटं पुढे असतं, दादा! जन्मापासून! हा बघ फोन, नऊ छप्पन्न! तुझाच आठवडा चालू आहे!"

"फोनचं मला सांगू नकोस! कलम चार काय म्हणतं? गाडीतलं घड्याळ!"

"चल, बघू गाडीतलं घड्याळ!"

दोघेही एकदम गाडीत घुसले, एक या दाराने, एक त्या दाराने. दोन डोकी एकमेकांवर आपटली. घड्याळात बारा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

मग दोघेही एकदमच बोलले.

"वायर काढलीस!"

"तू नाही काढत?"

"तू डबा बांधलास!"

"तू पेस्ट फासलीस!"

"तू आधी पकडीने नट खाल्लास!"

फुटपाथवर धाकट्याची बायको अप्पांची पाठ चोळत होती. "अहो, गाडीतून बाहेर या! टॅक्सी थांबवा कुणीतरी!" पण दोघांना तहान लागली होती ती न्यायाची. थोरला गाडीतून बाहेर आला, खिशातून कागद काढला (हो, तो जवळच असायचा!) आणि त्यावर बोट आपटत त्याने आवाज चढवला, "कलम सात! वाच! सामाईक वस्तूत बिघाड झाल्यास, तो ज्याच्या..."

तो थांबला. आपण काय वाचतोय ते त्याच्या स्वतःच्याच कानांवर पडलं होतं. फुटपाथवरून अप्पा त्याच्याकडे बघत होते. उलटीनंतर आणि उघड्या हवेत त्यांच्या डोळ्यांत थोडी धुगधुगी परतली होती, आणि त्यांनी ते वाक्य पुरतं ऐकलं होतं.

टॅक्सी धाकट्याच्या बायकोनेच थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. चिमट्यावर अठ्ठ्याण्णव आकडा उमटला.

"अठ्ठ्याण्णव! नॉर्मल आहे!" थोरला आनंदाने ओरडला. "बघ, काही झालेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. "धुराची बाधा झाली की हा चिमटा खोटं बोलतो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. यांना हा त्रास कधीपासून होतोय?"

"आजच झाला," थोरला म्हणाला.

"आत्ताच," धाकटा म्हणाला. दोघा भावांचं कित्येक वर्षांत एवढं एकमत झालं नव्हतं.

अप्पांनी मास्क जरा बाजूला केला. "तीन रविवार. दोघांनाही सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवून दोघांकडे आळीपाळीने बघितलं. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं थोरल्याला वाटलं. कारखान्यात साहेब ओरडतात, त्याची सवय असते. त्या नुसत्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आजचा दिवस राहू द्या यांना. घरी कोण नेणार?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याकडे. खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरला 'मी' म्हणणार होता. अगदी तोंडाशी आलं होतं. पण बावीस वर्षांची सवय, आधी समोरचा किती देतो ते बघायचं! तेवढ्यात उशीर झाला.

"कुणी नाही," अप्पा म्हणाले. "तो कागद काढ रे."

थोरल्याने कागद काढला.

"अक्षर तुझं चांगलं आहे, तूच लिही. कलम दहा. सामाईक वस्तू मालकाने परत घेतल्या आहेत."

"मालकाने?" धाकट्याने विचारलं.

"गाडी माझ्याच नावावर आहे. आणि मीसुद्धा."

ते खरं होतं. गाडी नावावर करून घ्यायचं राहून गेलं होतं, कारण त्यासाठी कुणाच्या आठवड्यात खेटे घालायचे हे ठरत नव्हतं. थोरल्याने लिहिलं. खाली तिघांनी सह्या केल्या. या वेळी साक्षीदार डॉक्टरीणबाई झाल्या.

मिस्त्रीने ती गाडी टोचन लावून नेली, पाइपाचा तुकडा बदलला, पत्रा सांधला आणि नवा सेन्सर बसवला. काढलेला सेन्सर हातात धरून तो म्हणे बराच वेळ हसत होता. ब्रशने घासलेला, रॉकेलमध्ये धुतलेला आणि वर सिलिकॉन चाटलेला सेन्सर त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. अप्पांनी गॅरेजच्या वरचीच खोली भाड्याने घेतली. पेन्शन त्यांची होती. त्यांचं सामान एका पिशवीत मावणारं होतं, त्यामुळे हलवायला कुणाला बोलवावं लागलं नाही. थोरला दोनदा भेटायला गेला. अप्पांनी चहा दिला, बस म्हटलं, धुराविषयी चकार शब्द काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर थोरला सुखाने जेवला असता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी थोरला इस्त्रीचे कपडे घालून फाटकाशी उभा होता. पावणेदहा झाले, दहा झाले, सव्वादहा झाले. रस्त्याने गाड्या येत होत्या आणि पुढे जात होत्या. बायको मागून आली.

"अहो, उन्हात काय उभे आहात? कुणी यायचंय का?"

"नाही गं," थोरला म्हणाला. मग रस्त्याकडेच बघत ओशाळून पुटपुटला, "आज आपला आठवडा होता."